देवळाचा हुंकार

दाजी,

तुमच्या कीबोर्डांवर पांघरलेली साडी परवा आक्कानं काढली. तीच ती, काठ उसवलेली, आमसुली. घडी घालून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाली, "घेऊन जा बाबा हे सगळं तुझ्या कॉलेजात. पोरांच्या तरी उपयोगाला ईल. मला बघवंना आता."

मी 'बरं' म्हणालो. मी नेहमीच 'बरं' म्हणतो, तुम्हाला ठाऊक आहे. शोकसभेत भजनी मंडळाच्या लोकांनी "आता सरांचे मेव्हणे दोन शब्द बोलतील" असं म्हणून मला उभं केलं, तेव्हाही तुमच्या फोटोला हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. गळा दाटला नव्हता, दाजी. बोलायला लागलो असतो तर एकच गोष्ट तोंडातून बाहेर आली असती, आणि ती ज्यांनी ऐकायला हवी होती ते हाराच्या मागं होते.

आता मंडळ तुमच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतंय. "मारुती, त्या परदेशी पेटीचं तूच लिही, आम्हाला त्यातलं काय कळतंय?" असा निरोप आला. लिहितो. तुम्ही पेटी सोडलीत, मंडळ सोडलंत, ते कान गेले म्हणून, असं सगळे समजतात. तुम्हीही तेच समजून गेलात. तुमचे कान गेले नव्हते. हे मला माहीत होतं.

ही एवढी तीन वाक्यं लिहायला मला तुमच्या जाण्यापर्यंत थांबावं लागलं.

*

मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की तुम्ही मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर सिनेमाची गाणी वाजवत होता. खरं तर हे वेड पेटीतूनच आलेलं. सगळं आयुष्य निपाणीच्या शाळेत गणित शिकवलंत आणि सुट्टीच्या दिवशी पेटी उघडून बसलात. दुकानातून आलेल्या कुठल्याच पेटीचा गंधार तुम्हाला पसंत पडला नाही. "चढा हाय," म्हणायचं आणि आतल्या पितळी पात्या ब्लेडनं खरडत बसायचं. आक्का म्हणायची, "वाजवण्यापेक्षा घासूनच झिजणार ही."

मग एक दिवस मला फोन. मी येळ्ळूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. "मारुत्या, आपल्या पेटीची पणजी सापडली रं! ऑर्गन!"

मी विचारलं, "ऑर्गन म्हंजे, नाटकात पायानं मारायचे त्यो?"

"त्यो न्हवं. त्यो पेटीचा थोरला भाऊ. ही नळ्यांची. एकेक नळी माडाएवढी. देवळाची आख्खी भिंत म्हंजे वाद्य."

तुम्ही चर्चला कायम देऊळच म्हणालात. मी एकदा दुरुस्त करायला गेलो तर म्हणालात, "जिथं माणसं गप बसून ऐकत्यात ते देऊळच की रं."

कॉम्प्युटरची बाजू माझ्याकडं आली, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये मी तेच करतो. ते प्रकरण मला आधी खुळचटपणाचं वाटलं होतं. जर्मनीतल्या कुठल्याशा खेड्यात जाऊन कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वीच्या वाद्याची एकेक नळी, एकेक सूर वेगवेगळा रेकॉर्ड करून ठेवलेला. ते सगळे सूर कॉम्प्युटरच्या पोटात भरायचे. आपण निपाणीत कळ दाबली की तिथली ती नळी वाजणार. दोन कीबोर्ड एकावर एक बसवायला वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी घोडा करून आणलात. पायानं वाजवायच्या पट्ट्या सुताराकडून. त्यानं माप घेताना विचारलं होतं, "सर, ह्ये शिडी म्हणायचं का पाळणा?" पट्ट्यांच्या खाली दारावरच्या बेलची बटणं बसवलीत, आणि पहिले कितीतरी दिवस नुसतं खटाखट खटाखट. आक्का दारातून बघून म्हणाली, "पायानं मळणी काढताय व्हय?"

आणि मग सगळं जुळलं. तुम्ही सगळ्यात खालची पट्टी दाबली. आवाज आला असं म्हणता येणार नाही. आधी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरली, मग आपल्याला कळलं की काहीतरी वाजतंय. आतून आक्का ओरडली, "माझ्या ताटांस्नी भ्या दाखवू नगासा!" तुम्ही पाय न उचलता हसत होता. डोळ्यांत पाणी होतं. मी केबल बघण्याचं निमित्त करून टेबलाखाली गेलो. असल्या वेळी माणसाच्या तोंडाकडं बघणं मला जमत नाही.

*

तुमचा खरा आनंद मात्र गंधाराचा होता. ते वाद्य जुन्या पद्धतीनं जुळवलेलं. तुम्ही सा आणि ग एकदम दाबलेत आणि कितीतरी वेळ हललाच नाहीत. "बघ," म्हणालात, "गंधार शांत झाला. आयुष्यभर मी ब्लेड घेऊन ज्याच्या मागं लागलतो, त्यो ह्या लोकांनी तवाच बसवून ठेवलाता."

मग मला एका कोपऱ्यातली दुसरी जोडी दाबून दाखवलीत. कसला तो आवाज! ओरबाडणारा, कुत्री भांडल्यासारखा.

"ह्याला लांडगा म्हंत्यात," तुम्ही वर्गात फळ्यासमोर उभारल्यासारखे सांगत होता. "सगळंच गोड करता येत न्हाई, मारुत्या. हिशेबच बसत न्हाई. एकीकडं गोड केलं की उरलेलं कडू कुठं तरी ठेवावं लागतंय. ह्यांनी सगळं कडू ह्या एका कोपऱ्यात कोंडलं. आणि मग आयुष्यभर तिथं बोटच लावायचं न्हाई."

पुढं माझ्याकडंही तसा एक कोपरा झाला. तिथं मी कुणाला बोट लावू दिलं नाही.

आपला वाद आठवतो? तो अजून मिटलेला नाही. मी म्हणालो होतो, "दाजी, कितीबी केलं तरी ह्ये रेकॉर्डिंग. नळ्या तिथं, वारा तिथं. ह्ये म्हंजे फोटोला हार घालण्यागत हाय."

तुम्ही चष्मा पुसलात. "फोटोपुढं उभारून तू खोटं बोलशील काय?"

"म्हंजे?"

"तुझ्या बाच्या फोटोपुढं. बोलशील? जीभ रेटणार न्हाई न्हवं? मग त्यो फोटो खराच की रं."

मी म्हणालो ही गणिताच्या मास्तराची पळवाट आहे. तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटरवाल्याला एवढंच कळायचं. चहा आला आणि विषय तिथंच राहिला.

पण मला सांगायचंय ते हुंकाराचं. त्याशिवाय माझं पाप कुणाला समजणार नाही.

आपल्या पेटीवरचं बोट उचललं की सूर संपतो. तिथं तसं नव्हतं. रेकॉर्ड करणाऱ्यांनी बोट उचलल्यानंतर त्या मोठ्या दगडी चर्चमध्ये आवाज जो घुमत राहतो, छताला लागून, खांबांमधून फिरून हळूहळू विरतो, तोही प्रत्येक नळीचा टिपून ठेवला होता. तुम्ही दोन्ही हात उचलून हवेत धरायचात आणि मान कलती करून ऐकत राहायचात. "गोष्ट सांगताना समोरचा हुंकार देतोय न्हवं? तसं देऊळ हुंकार देतंय बघ. आपण थांबलो की ते 'हं' म्हंतंय." खरं सांगायचं तर तुम्हाला वाजवायला फारसं येत नव्हतं. दोन-चार सोप्या चाली, आणि मंडळातले अभंग. पण तुम्ही वाजवत होता ते मुळी थांबण्यासाठी. थांबलं की तो हुंकार यायचा.

*

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात करंट खालीवर होऊन मशीन जळालं. तुम्ही घाबऱ्याघुबऱ्या फोन केलात, जसं काही कुणाला दवाखान्यात नेलंय. मी कॉलेजमधलं एक जुनं मशीन परवानगी काढून तवंदी घाट चढून-उतरून घेऊन आलो. त्याची मेमरी कमी होती. ते चर्च त्यात मावेना. मला संध्याकाळी परत जायचं होतं. म्हणून मी एक सोपं काम केलं. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण करता येते. ती केली की सूर तेवढे आत येतात, मागचा घुमारा कापला जातो. मी तो कापला. पुढच्या खेपेला मेमरीची पट्टी आणून बसवू, असं मनाशी म्हणालो. तुम्हाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. समजावून सांगत बसलो असतो तर बस चुकली असती.

तुम्ही त्या वेळी मंडळात होता. मी निघून आलो.

दोन-तीन दिवसांनी फोन आला. प्राचार्यांच्या खोलीत माझ्यासमोर चार माणसं बसलेली, त्यांचं काहीतरी अडलेलं, आणि ते सगळं माझ्यावरच येत होतं. तुम्ही म्हणालात, "मारुत्या, देऊळ बारकं झाल्यागत वाटतंय रं. हात उचलला की आवाजाची मुंडी मुरगळल्यागत हुतंय. हुंकारच येईना."

मला लगेच कळलं कशामुळं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण समोरच्या माणसांच्या देखत, चूक माझी, हे मला त्या क्षणी आणखी एकदा कुणालाही कबूल करायचं नव्हतं. मी म्हणालो, "सगळं आदीसारखंच हाय, दाजी. काय बदललं न्हाई. एकदा कान तपासून घ्या."

मग तुम्ही म्हणालात, "व्हय? बरं."

आपल्या घरात 'बरं' म्हणणारा मी. तुम्ही कधी कुठली गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य केली नव्हती. ती एवढी एकच केलीत.

*

त्याच आठवड्यात तुम्ही कानाच्या डॉक्टरांकडं गेलात. त्यांनी मशीन लावून बघितलं आणि "वयस्सायतु, सर," म्हणाले. वय झालं. वरचे बारीक आवाज थोडे कमी येतात, या वयात सगळ्यांचंच होतं. तेवढंच. पण माझ्या वाक्यावर त्याचा शिक्का बसला. पुढच्या वेळी मी आलो तेव्हा तुम्ही कानात ते छोटं यंत्र घालून बसला होता. मला जवळ बसवून म्हणालात, "तू सांगितलंस म्हणून कळलं रं. न्हाई तर तोंडावर कोण सांगतंय? सगळी माणसं भिडंखातर गप बसत्यात."

तुम्ही माझे आभार मानलेत, दाजी.

मेमरीची पट्टी तोपर्यंत आणली होती. पिशवीत होती. मी ती काढली नाही. नीट विचार केला तर ते अगदी साधं होतं: पट्टी बसवली असती तर हुंकार परत आला असता, आणि हुंकार परत आला असता तर तुम्हाला कळलं असतं की मी काय केलं होतं. दुरुस्ती हीच कबुली होती. म्हणून पट्टी परत येळ्ळूरला आली आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, तिच्या पाकिटात, पडून राहिली. ड्रॉवर उघडला की दिसायची. मी स्टेपलर काढून ड्रॉवर बंद करायचो.

मग तुम्ही मंडळातली पेटी सोडलीत. "ज्याला सुराचा शेवट ऐकू येईना त्यानं पुढं बसू नये." लोकांनी आग्रह केला, तुम्ही ऐकलं नाही. मागं, चपलांच्या जवळ बसायला लागलात, टाळसुद्धा हातात न घेता. गंधार घासायचं ब्लेड आक्काकडं दिलंत, भाजीच्या देठांना. कीबोर्डांवर साडी आली.

आणि आम्ही सगळे तुमच्याशी ओरडून बोलायला लागलो. हे कुणी ठरवलं नव्हतं. "दाजीऽऽ, जेवताय न्हवं?" "सर, औषध घेतलासा कायऽऽ?" तुम्ही त्या आवाजानं मागं सरायचात. आम्हाला वाटायचं, ऐकू आलं नाही, आणखी ओरडायचो.

उन्हाळ्यात तुम्ही येळ्ळूरला आला होता. माझी धाकटी तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून शाळेतलं काहीतरी सांगत होती. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "हळू बोल बाळ. शब्द कळत्यात मला. बोलून झाल्यावर मागं काय उरतंय तेवढं कळत न्हाई."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. ड्रॉवर पलीकडच्याच खोलीत होता. मी ट्रे खाली ठेवला, कप पुढं केला आणि मोठ्यानं विचारलं, "साखर बरोबर हाय का बघा!"

ते तुमचं-माझं शेवटचं बोलणं. साखर बरोबर होती.

*

परवा आक्का साडी मांडीवर घेऊन बसली तेव्हा ती पट्टी माझ्या खिशात होती. दिवसकार्याला निघतानाच मी ती ड्रॉवरमधून काढली होती. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. तुमच्या फोटोजवळ ठेवून यावी, असलं काहीतरी डोक्यात होतं बहुतेक.

"घेऊन जातोस न्हवं?" आक्का म्हणाली.

"जरा थांब," म्हणालो. मशीनची एक बाजू उघडली, धूळ पुसली, पट्टी बसवली. दोन बोटांनी दाबल्यावर ती खट्ट करून बसली. एवढंच काम होतं, दाजी. चहा निवला नसता. मग ती खूण काढली आणि सगळं चर्च पुन्हा आत भरायला लावलं. पडद्यावरची रेघ सरकत राहिली. शेवटी स्पीकरमधून तो वारा सुरू झाला, भात्याचा, काहीही न वाजवता येत राहतो तो. तुम्ही मला तो कधी बंद करू दिला नव्हतात.

मला काय येतंय? तुम्ही शिकवलेलं एकच: सा, ग, प, आणि पायाखाली खालचा सा. दाबले. आत मांडणीवरची ताटं थरथरली. मग हात उचलले.

आणि हुंकार आला. खोलीभर आला. कॅलेंडर, खाट, भिंतीवरचा तुमचा शाळेतला ग्रुप फोटो, सगळ्यावरून तो आवाज हळूहळू वर गेला आणि कुठल्यातरी लांबच्या छतापाशी बारीक बारीक होत विरला. मी हात हवेतच धरून बसलो होतो, तुमच्यासारखे.

आक्का उठून उभी राहिली होती. "ह्ये परत कुठनं आलं रं?"

मग मी सांगितलं. बस, प्राचार्यांची खोली, ड्रॉवर, सगळं. खाली बघून सांगितलं. वाटलं, मारेल. लहानपणी मारायची. ती साडीच्या उसवलेल्या काठाशी चाळा करत राहिली.

"मला एकदा हाक मारलीती," ती म्हणाली. "म्हणाले, हिकडं ये गं जरा, हात उचलल्यावर मागं काय ऐकू येतंय काय तुला? मी मिक्सर लावलाता. तिथनंच म्हटलं, येतंय की, आदीसारखंच येतंय."

"आणि?"

"मी ऐकलंच न्हवतं रं, मारुती. जाऊन उभारलेसुदिक न्हवते. मिक्सर चालू हुता." तिनं तोंडाला पदर लावला. "त्या दिवशीच साडी मागून घेतली त्यांनी माझ्याकडनं. धूळ बसती म्हणाले."

म्हणजे तुम्ही माझ्या एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. मास्तर होता, ताळा करून बघितलात. दोन जागी विचारलंत, आणि दोन्हीकडून सारखंच उत्तर आलं. ज्या दोघांवर तुमचा सगळ्यात जास्त जीव होता त्यांच्याकडून.

आक्काचं सांगणं ऐकून माझं ओझं हलकं झालं का? नाही. तिला ते माझ्यामुळं उचलावं लागलं, हे त्यात नवीन मिळालं. पण आम्ही दोघं बहीण-भाऊ कितीतरी वर्षांनी एका खाटेवर बसून रडलो, आणि मध्ये तुमच्या कीबोर्डांवरचे दिवे लुकलुकत होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "रडायचं झालं की बटन बंद करा रं, करंट जातोय."

मशीन कुठंही जाणार नाही. आक्काच म्हणाली, राहू दे. मंडळाच्या लोकांनाही सांगतो, या पानावरूनच सांगतो: सर मागं चपलांपाशी बसले ते कानांमुळं नाही. माझ्यामुळं. पुस्तिका छापताना हे गाळू नका.

निघताना आक्का म्हणाली, "माझ्याजवळ बोललास. त्यांस्नी सांगितलंस काय?"

मी बाहेरच्या खोलीत गेलो. तुमच्या फोटोवरचा हार वाळला होता. समोर उभा राहिलो. आपला तो वाद आठवला, आणि कळलं की तुम्ही जिंकलात; तिथं जीभ रेटतच नाही. मी म्हणालो, "दाजी, तुमचे कान चांगले हुते! देऊळ मी कापलंतं!"

सवयीनं आवाज चढला होता. शेजारच्या अंगणातल्या बाईनं वळून बघितलं.

मागून आक्का म्हणाली, "वरडतोस कशाला? ऐकू येत हुतं की त्यांस्नी."